स्थानिक इतिहास संग्रहालयाचा कायमस्वरूपी संग्रह: काय घ्यावे, काय नाकारावे, घेतलेले कसे सांभाळावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका लहान शहरातल्या स्थानिक इतिहास संग्रहालयाची जबाबदारी नव्याने अंगावर आली आहे. लोक जुन्या वस्तू आणून देतात, कोठार भरत आले आहे, आणि निम्म्या वस्तूंवर क्रमांकही नाहीत. काय ठेवायचे, काय परत करायचे, ठेवलेले सगळे मांडायलाच हवे का, आणि मुळात कायमस्वरूपी संग्रह कशाला म्हणायचे?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्याच्यावरच अवलंबून आहेत. दालनात वर्षानुवर्षे मांडून ठेवलेल्या वस्तूंना बरेच जण कायमस्वरूपी संग्रह समजतात, पण मांडणीशी त्याचा संबंध नाही. जी वस्तू संग्रहालयाच्या मालकीची आहे, दाखल नोंदवहीत चढली आहे आणि जी पुढच्या पिढ्यांसाठी सांभाळायची असे संस्थेने ठरवले आहे, ती कायमस्वरूपी संग्रहातली. मग ती काचेच्या कपाटात असो की कोठारातल्या खोक्यात. बहुतेक संग्रहालयांत एकूण संग्रहातला थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो आणि त्यात गैर काही नाही. एखादी वस्तू दाखल करून घेतली की आपण निवृत्त झाल्यावरही तिची देखभाल होईल असा शब्द संस्थेने दिलेला असतो. जागा, कपाट, कागद, माणसाचा वेळ, हे सगळे त्या शब्दात आले. म्हणून दाखल करताना हात आखडता घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

आता काय घ्यावे. मोठ्या कलासंग्रहालयात एखादे चित्र त्याच्या गुणावर उभे राहते. स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात तसे नसते. इथे येणाऱ्या बहुतेक वस्तू कारखान्यात हजारोंनी, लाखोंनी बनलेल्या असतात. शिलाई यंत्राचे उदाहरण घ्या. सिंगरचे पायाने चालवायचे यंत्र जगभर सापडते. त्याच्यावरच्या अनुक्रमांकावरून ते साधारण कोणत्या वर्षी बनले हे काढता येते, आणि ते काढावेच. पण तेवढ्यावर ते तुमच्या संग्रहालयात का असावे हे ठरत नाही. जवळ जाऊन बघा. लाकडी फळीच्या डाव्या बाजूला, जिथे शिवणाऱ्याचा हात कापड पुढे सरकवताना टेकायचा, तिथले पॉलिश पार उडालेले आहे. पायट्याचा सांधा कधीतरी तुटला आणि तो चामड्याच्या पट्टीने बांधला आहे. खणात वेगवेगळ्या जाडीच्या सुया, तुटकी बटणे आणि मापांचा एक चिठोरा आहे. फळीखाली पेन्सिलीने उभ्या रेघा मारून हिशोब ठेवला आहे. हे यंत्र कोणी चालवले, कुठे ठेवले होते, त्यावर शाळेचे गणवेश शिवले जायचे की बँडवाल्यांचे पोशाख, शिवणारी बाई मजुरीवर काम करायची की दुकान तिचे स्वतःचे होते, यंत्र उसनवारीने घेतले की हप्त्यांवर, ते कधी बंद पडले आणि का, हे सगळे कळले तर ते यंत्र तुमच्या गावचे होते. हे काहीच कळले नाही तर तुमच्याकडे आणखी एक शिलाई यंत्र आहे, इतकेच.

म्हणून देणारा माणूस समोर बसलेला असतो तो अर्धा तास या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा. बहुतेक वेळा देणारी व्यक्ती वयस्कर असते, घर रिकामे करत असते, आणि पुन्हा भेट होईलच याची खात्री नसते. चहापाण्याच्या गप्पांत माहिती निघेल या भरवशावर राहू नका. कोणी वापरली, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, तुमच्याकडे कशी आली, ती कशी वापरायची, काय दुरुस्ती झाली, वापरात असतानाचा एखादा फोटो आहे का, हे प्रश्न छापील फॉर्मवरच असू द्या. शक्य असेल तर आवाज रेकॉर्ड करा आणि त्याची लेखी संमती घ्या. माणूस जे शब्द वापरतो तेच शब्द लिहा. वस्तूच्या भागांना कारागीर जी नावे देतात ती कुठल्याही कोशात सापडत नाहीत. आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवा. “ही तलवार अमक्या लढाईतली” असे घराण्यात सांगत आले असतील तर “दात्याच्या सांगण्यानुसार” हे दोन शब्द नोंदीत हवेत. वीस वर्षांनी कोणीतरी तुमच्या नोंदीचा आधार घेऊन पाटी लिहिणार आहे. त्याला दंतकथा आणि पुरावा यांतला फरक नोंदीतच दिसला पाहिजे.

यापुढचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर पुरेसे बोलले जात नाही. लोक जे आणून देतात त्यावर विसंबून राहिलात तर तुमच्या संग्रहातून गावाचे चुकीचे चित्र तयार होईल, आणि तेही कोणाचा तसा हेतू नसताना. कारण वस्तू टिकतात त्या सारख्या प्रमाणात टिकत नाहीत. लग्नातला पोशाख एकदा घातला जातो आणि घडी घालून पेटीत ठेवला जातो. तो शंभर वर्षे राहतो. रोज शेतात किंवा गिरणीत घातलेला सदरा आधी ठिगळे लावून वापरला जातो, मग धाकट्याला दिला जातो, आणि शेवटी त्याचे पोतेरे होते. सोन्याच्या काडीचा चष्मा टिकतो, दोऱ्याने बांधलेला टाकला जातो. मोठ्या घरांना माळा असतो, पेट्या असतात, कागद जपायची सवय असते. भाड्याच्या एका खोलीत राहून दर दोन वर्षांनी जागा बदलणाऱ्या कुटुंबाकडे काय उरणार? त्यामुळे वाट बघत बसलेल्या संग्रहालयात जमीनदार, वकील, व्यापारी यांची घरे भरभरून दिसतात. सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, हमाल, बाहेरून पोट भरायला आलेली माणसे मात्र दिसतच नाहीत.

यावर उपाय म्हणजे आपण होऊन बाहेर पडणे. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियसने 1870च्या दशकात नेमके हेच ओळखले होते. खेड्यांतले पोशाख आणि अवजारे डोळ्यांदेखत नाहीशी होत होती. त्याने ती गोळा करायला सुरुवात केली आणि 1891 मध्ये स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू केले. तिथे नुसत्या वस्तू आणल्या नाहीत, अख्खी घरेच्या घरे हलवून आणून उभी केली. त्याच देशातल्या संग्रहालयांनी 1977 मध्ये सामडोक नावाचे जाळे उभारले आणि चालू काळाचे संकलन आपसांत वाटून घेतले, म्हणजे सगळ्यांनी तीच वस्तू जमवायची नाही. लहान संग्रहालयाला इतके मोठे काही करायची गरज नाही. आधी आपल्या नोंदवहीची पाने चाळून कोण कोण दिसत नाही याची यादी करा. मग त्या यादीतला एकच धंदा किंवा एकच वस्ती घेऊन वर्षभर काम करा. बंद पडायच्या बेतातला छापखाना, एखादी दाई, शेवटचा फोटो स्टुडिओ. तिथली दोन-तीन वापरातली अवजारे, भरपूर फोटो आणि मुलाखत, एवढे पुरते. संपूर्ण दुकान उचलून आणायचा मोह टाळा.

नाकारता येते का? येते, आणि यायलाच हवे. पण “आमच्याकडे जागा नाही” असे तोंडी सांगून नाकारले की माणूस दुखावतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाची तशीच वस्तू घेतली की वाद होतो. म्हणून संकलन धोरण लेखी हवे, व्यवस्थापन मंडळाने मंजूर केलेले हवे. दोन पानांत मावते. आपला भूभाग कोणता, काळ कोणता, विषय कोणते, कशाची भर नको (तुमच्याकडे कंदील भरपूर झाले असतील तर तसे स्पष्ट लिहा), कोणत्या अवस्थेतली वस्तू घेणार नाही, निर्णय कोण घेणार. मग नाकारणे धोरणाकडून होते, तुमच्याकडून नाही. नाकारताना दुसरी वाट दाखवता आली तर जरूर दाखवा: हे कागद अभिलेखागारात शोभतील, हे यंत्र तांत्रिक शाळेला उपयोगी पडेल. आणखी एक सोय करून ठेवा. शाळेच्या मुलांनी हाताळायच्या वस्तूंचा संच वेगळा, वेगळ्या वहीत, कायमस्वरूपी संग्रहाच्या बाहेर ठेवा. चांगल्या पण माहिती नसलेल्या वस्तू तिथे छान कामाला येतात. दात्याला मात्र हे आधी सांगा, नाहीतर आजीचा अडकित्ता मुलांच्या हातात बघून त्याला धक्का बसेल.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो, पण यात ढिलाई नको. वस्तू दारात आली की तात्पुरती पावती द्यायची: “पाहण्यासाठी ठेवून घेतली, अमुक तारखेपर्यंत निर्णय कळवू.” घ्यायचे ठरले की दानपत्र, ज्यात मालकी विनाअट संग्रहालयाकडे जाते. “कायम मांडून ठेवाल तरच देतो” किंवा “आमच्या घराण्याचा संग्रह एकत्रच ठेवायचा” अशा अटी नम्रपणे नाकारा. पन्नास वर्षांनंतरच्या माणसाचे हात तुम्ही आज बांधून ठेवता. मुदत नसलेली उसनवारी तर अजिबात नको. देणारा जातो, वारस चौघे निघतात, आणि वस्तू कोणाची हे कोणालाच ठरवता येत नाही. प्रदर्शनासाठी काही उसने घ्यायचे तर तारखेसकट घ्या आणि त्या तारखेला परत करा. फोटो आणि पत्रे यांच्याबाबत हेही लक्षात ठेवा की कागदाची मालकी वेगळी आणि त्यावरचा स्वामित्वहक्क वेगळा. देणाऱ्याचा त्या वस्तूवर हक्क होता का, वस्तू चोरीची किंवा बेकायदा उकरून काढलेली तर नाही ना, हे विचारणे तुमचे कर्तव्य आहे. सांस्कृतिक मालमत्तेच्या बेकायदा व्यवहाराविरुद्ध युनेस्कोचा करार 1970चा आहे, आणि आयकॉम या संग्रहालयांच्या जागतिक संघटनेची आचारसंहिताही याबाबत स्पष्ट आहे.

मग क्रमांक. वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, त्या देणगीतली कितवी वस्तू, ही तीन भागांची पद्धत सोपी आणि भक्कम आहे: 2024.17.3 म्हणजे 2024 सालच्या सतराव्या देणगीतली तिसरी वस्तू. क्रमांकात विषयाचे किंवा दालनाचे सांकेतिक अक्षर घालू नका. दालने बदलतात, वर्गीकरण बदलते, क्रमांक बदलता कामा नये. तो वस्तूवर घालायचा कसा, हे नीट समजून घ्या, कारण इथे फार नुकसान होते. धातू, काच, भाजलेली माती, पक्के लाकूड अशा पृष्ठभागावर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक राळेचा बोटाच्या पेराएवढा पातळ पट्टा ओढायचा. तो पूर्ण वाळला की त्यावर बारीक निबाने, टिकाऊ शाईने क्रमांक लिहायचा, आणि तो वाळल्यावर वरून आणखी एक हात द्यायचा. शाई वस्तूला लागतच नाही, दोन थरांच्या मध्ये राहते. उद्या काढायची झाली तर अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने निघते. प्लास्टिक, लाखकाम, रंगवलेली वस्तू यांवर मात्र हे करू नका. अ‍ॅसिटोन त्यांनाच विरघळवते. तिथे सुती नाडीने बांधलेले लेबल बरे. कापडावर सुती पट्टीवर क्रमांक लिहून ती चार सैल टाक्यांनी शिवून टाका. कागद आणि फोटोवर मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, न दाबता. चिकटपट्टी, स्टिकर, बॉलपेन, स्टेपलरची पिन आणि रबरबँड यांना संग्रहाच्या खोलीत जागा नाही. जागा अशी निवडा की मांडल्यावर क्रमांक दिसू नये पण वस्तू फार न हाताळता वाचता यावा.

सगळे मांडायला हवे का, याचे उत्तर प्रकाशात आहे. कापड, जलरंग, शाई आणि जुने फोटो यांच्यासाठी साधारण 50 लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजायचे एकक) ही मर्यादा मानतात. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ते 1,20,000 लक्स-तास होतात. थेट सूर्यप्रकाश 1,00,000 लक्सपर्यंत जातो, म्हणजे दारातून येणारी उन्हाची तिरीप एखाद्या पोशाखावर सव्वा तास पडली की वर्षभराचा वाटा संपला. उडालेला रंग कुठलाही तज्ज्ञ परत आणू शकत नाही. म्हणून असा पोशाख काही महिने मांडावा आणि मग पुढची काही वर्षे अंधारात ठेवावा. मांडणी बदलत राहिली की संग्रहातले अधिक काही लोकांपुढे येते, हा त्यातला दुसरा फायदा. दमटपणाचेही तसेच. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते आणि लोखंड गंजते. खोलीत साधा आर्द्रतामापक टांगा आणि रोजची नोंद ठेवा. महागडी यंत्रे घ्यायच्या आधी गळणारे छप्पर, तुंबलेले पन्हळ आणि बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवलेली कपाटे यांच्याकडे बघा. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून दहा-पंधरा सेंटीमीटर वर असावा.

नवी आलेली लोकर, रेशीम, पिसे किंवा लाकूड सरळ कोठारात नेऊ नका. आधी वेगळ्या खोलीत, प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा. लाकडाखाली बारीक भुकटी साचते का, लोकरीला कसर लागली आहे का, हे काही आठवडे पाहा. कीड दिसली तर पिशवी न उघडता फ्रीझरमध्ये: उणे 30 अंशांना किमान 3 दिवस, साध्या फ्रीझरच्या उणे 18–20 अंशांना 2 आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर बंदच ठेवायची, म्हणजे पाण्याचे थेंब वस्तूवर न जमता पिशवीच्या बाहेर जमतात. तैलचित्रे, काचेच्या फोटोपट्ट्या, ताणलेल्या चामड्याची वाद्ये आणि वेगवेगळ्या साहित्याचे जडावकाम यांना हा उपाय नाही. डांबरगोळ्या आणि कीटकनाशकाचे फवारे तर कशालाच नकोत.

काही गोष्टी माणसाला घातक असतात आणि त्या नेमक्या स्थानिक संग्रहालयातच येतात. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांच्या कातड्यात आर्सेनिक असू शकते; हातमोज्यांशिवाय हात लावू नका. वायुभारमापकात पारा, जुन्या चमकणाऱ्या तबकड्यांच्या घड्याळांत रेडियम. जुन्या औषधपेट्यांतल्या बाटल्या स्वतः उघडू नका. 1950च्या आधीची फिल्म असेल तर ती सेल्युलोज नायट्रेटची असू शकते. ती झपाट्याने पेटते आणि जळताना विषारी वायू सोडते, म्हणून ती वेगळी काढून जाणकाराला दाखवा. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती अ‍ॅसिटेटची आहे आणि कुजू लागली आहे. कोणी आजोबांचा हातबॉम्ब किंवा काडतुसे घेऊन आला तर हात न लावता माणसांना बाहेर काढा आणि पोलिसांना बोलवा, निकामी आहे असे तो कितीही सांगो.

आता तुमच्या भरलेल्या कोठाराकडे येतो. तुम्ही एकटे नाही. युनेस्को आणि इक्रोम (सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था) यांनी 2011 मध्ये 136 देशांतल्या संग्रहालयांची पाहणी केली तेव्हा कोठारांतल्या संग्रहांपैकी सुमारे 60 टक्के धोक्यात असल्याचे दिसले. अशा कोठारांची घडी बसवण्यासाठी इक्रोमने लहान संग्रहालयांसाठी री-ऑर्ग ही पद्धत तयार केली आहे. तिच्यातल्या दोन कसोट्या मी सगळ्यांना सांगतो: कोठारातली कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, आणि ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागता कामा नयेत. या कसोटीवर बघा, म्हणजे जागा खरोखर कमी आहे की पसारा जास्त आहे हे कळते. मोडक्या खुर्च्या, जुन्या प्रदर्शनांचे फलक, रिकामी खोकी, कार्यालयाच्या जुन्या फायली या सगळ्या आधी बाहेर काढा. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच एक अख्खी भिंत मोकळी होते. मग प्रत्येक कपाटाला, प्रत्येक फळीला नाव द्या आणि वस्तू हलली की त्याच दिवशी नोंद करा.

नोंदवही स्वतःच संग्रहातली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. ती शिवलेल्या बांधणीची, चांगल्या कागदाची असावी, पाने मोजलेली असावीत, आणि तिची स्कॅन प्रत इमारतीच्या बाहेर असावी. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री रिओ दि जानेरोतले ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. सुमारे दोन कोटी नमुन्यांचा तो संग्रह होता आणि त्यातला बहुतांश गेला. ज्यांच्या नोंदी, फोटो आणि प्रती इतरत्र होत्या त्यांचे निदान ज्ञान उरले. संगणकावर नोंदी असतील तर उत्तमच, पण प्रणाली बदलली की त्या दुसरीकडे नेता येतात ना, हे आजच तपासा.

संग्रहातून वस्तू काढता येते का, हेही पुढे विचाराल. येते, पण सावकाश. कारण लेखी, मंडळाचा ठराव, आणि आधी दुसऱ्या संग्रहालयाला देऊ करणे हा क्रम. विकावीच लागली तर आयकॉमच्या संहितेनुसार येणारा पैसा फक्त संग्रहासाठी, सहसा नव्या वस्तूंसाठी, वापरायचा. पगार किंवा छपराच्या दुरुस्तीसाठी नाही. कर्मचारी, विश्वस्त आणि त्यांचे नातलग यांना ती वस्तू विकत घेता येत नाही. देणगी आलेल्या घराशी आधी बोलावे. कायद्याने ते लागेलच असे नाही, पण गावात तुमची पत त्यावर ठरते.

तुमच्या जागी मी असतो तर पहिले सहा महिने नवे काहीच दाखल केले नसते. फक्त मोजणी. दोघांनी मिळून, एक बघणारा आणि एक लिहिणारा, एका टोकापासून सुरू करायचे. क्रमांक असलेली वस्तू नोंदवहीशी जुळवायची. क्रमांक नसलेलीला तात्पुरता क्रमांक, एक फोटो, माप आणि ती कुठे सापडली ते. क्रमांक नाही म्हणून काही टाकू नका. जुन्या बैठकांची इतिवृत्ते, आभाराची पत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, आधीच्या अभिरक्षकांच्या खासगी वह्या यांत बरेचसे धागे सापडतात. ते सगळे चाळून झाले आणि जुने सेवक, गावातले जाणते लोक यांना फोटो दाखवून झाले, की मगच उरलेल्यांबद्दल मंडळापुढे प्रस्ताव ठेवा.